लाट कोणाची, वाऱ्याची की पाण्याची?



आजचं चिंतन गीतेच्या दुसऱ्या अध्यायातल्या 67व्या श्लोकावर. भटकणाऱ्या इंद्रियांमागे मन गेलं की ते बुद्धीलाही ओढून नेतं, पाण्यातली नाव वारा ओढून नेतो तसं. हा श्लोक मी कितीतरी वेळा वाचलाय. परवा तो पहिल्यांदा लागला.

झालं असं. सकाळच्या कॉलवर मॅनेजर सगळ्यांसमोर मला टाकून बोलला. चूक माझ्या कोडमध्ये नव्हती, तरी मी "ओके" म्हणून गप्प बसलो. रात्री आईचा फोन आला. "जेवलास का रे?" एवढंच विचारलं तिने, आणि मी तिच्यावर खेकसलो. ती "बरं, ठेवते" म्हणाली.

मग झोप येईना. हा राग नक्की कोणाचा? मॅनेजरचा की माझा?

इंजिनिअर माणूस, श्लोकातल्या वाऱ्यावरून लाटांकडे वळलो. शांत पाण्यावरून वारा गेला की आधी बारीक सुरकुत्या उठतात. त्यांनी पाणी खडबडीत होतं आणि वाऱ्याला पकड मिळते. लाटेच्या वाऱ्याकडच्या बाजूला दाब जास्त, आडोशाच्या बाजूला कमी. त्यातून ती वाढत जाते. पण किती वाढणार, हे तीन गोष्टींवर ठरतं: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांब मोकळ्या पाण्यावरून वाहिला. म्हणूनच जो वारा समुद्रात मोठाल्या लाटा उठवतो, तोच गावच्या तळ्यावर लहानशाच उठवू शकतो.

इथे मी सापडलो. मॅनेजर बोलला जेमतेम दोन मिनिटं. तेच वाक्य मी दिवसभर मनात फिरवलं, जेवताना, मेट्रोत, लिफ्टमध्ये. वारा त्याचा होता, पण त्याला वेळ आणि मोकळं रान मी दिलं.

आणखी एक गोष्ट. वारा थांबला म्हणून लाट थांबत नाही. 1963 मध्ये वॉल्टर मंक या समुद्रशास्त्रज्ञाने अंटार्क्टिकाच्या बाजूच्या वादळांतून निघालेल्या लाटांचा माग पार अलास्कापर्यंत काढला, 10,000 किलोमीटरहून जास्त. आपल्याकडे केरळच्या किनाऱ्यावर कधीकधी आभाळ स्वच्छ, वारा नाही, आणि अचानक समुद्र घरांत शिरतो. वादळ झालेलं असतं दूर दक्षिण हिंदी महासागरात, काही दिवसांपूर्वी. मल्याळममध्ये त्याला 'कल्लक्कडल' म्हणतात, म्हणजे चोर समुद्र. आईच्या बाजूने बघितलं तर परवा रात्री मी तोच होतो. तिच्याकडचं आभाळ स्वच्छ होतं.

बरं, लाट खोल पाण्यातून निमूट जाते आणि फुटते ती उथळात. आपणही जिथे परवडत नाही तिथे गिळतो, आणि जिथे माफी मिळणार याची खात्री असते तिथे फुटतो. याला मी इतकी वर्षं 'आपल्या माणसांजवळ मोकळं होणं' म्हणत होतो.

याचा अर्थ मॅनेजर निर्दोष, असा नाही. चारचौघांत अपमान करणं चूकच, आणि ते त्याला शांतपणे सांगणंही माझंच काम आहे. पण त्याची चूक माझ्या चुकीचं बिल भरू शकत नाही. समुद्राला पर्याय नसतो. वारा आला की त्याला हलावंच लागतं. माणसाला तो आहे, निदान दुसऱ्या मिनिटापासून. पहिली सुरकुती माझ्या हातात नाही. तिला दिवसभर वारा घालणं आहे.

मग नामस्मरणाने काय होतं? वारा थांबत नाही, हे मी अनुभवाने सांगतो. पण लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर गेलं की तिची हालचाल जवळजवळ संपते. 100 मीटर लांबीची लाट असेल तर 50 मीटर खाली पाणी जवळपास स्थिर. नाम घेणं म्हणजे तिथे उतरायचा प्रयत्न. मी रोज पोचतो असं नाही. परवा तर आठवणही झाली नाही.

सकाळी आईला फोन करून माफी मागितली. म्हणाली, "मला कळलं होतं, ऑफिसात काहीतरी झालंय." तिला वादळ कळलं होतं. तरी लाट तिला लागलीच होती.

आज एवढंच करून बघूया. घरचा फोन उचलण्याआधी एकदा नाम घ्यायचं आणि स्वतःला विचारायचं: हा वारा आत्ताचा आहे, की सकाळचा?

राम कृष्ण हरी. उद्या भेटू.