साक्षी आणि मीटर
दिल्ली, नोएडा, गाझियाबाद येथील स्वयंपाकघरांना इंद्रप्रस्थ गॅस लिमिटेडचा पाइपगॅस मिळतो. घरगुती मीटरमधील लवचीक पडदे आळीपाळीने भरतात व रिकामे होतात, त्यांच्या फेऱ्यांवरून घनमीटर ठरतात, आणि बॅटरीवरचे बिनतारी यंत्र जोडले की तो आकडा दाराची कडी न वाजवता दूर पोहोचतो. असे अलिप्तपणे टिपणारे यंत्र सांख्य दर्शनातील साक्षीची आठवण करून देते: ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष, म्हणजे शुद्ध चैतन्य, साक्षी, मध्यस्थ व अकर्ता मानला आहे. यंत्राला अकर्तेपण साधते (तेही दूरनियंत्रित झडप नसेल तोवरच), परंतु द्रष्टेपण साधत नाही, कारण नोंद होणे म्हणजे जाणणे नव्हे. शेगडी पहाटे चारला आजाऱ्यासाठी पेटली की व्रतासाठी, हे ताडू पाहतो तो आकडे वाचणारा माणूस. म्हणून, सर्वोच्च न्यायालयाने 2017 साली खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवल्यानंतर, तो जपण्याची जबाबदारीही त्या माणसावरच येते, मीटरवर नव्हे.