अजामिळाला आधी वेळ मिळाला

आजचं वाचन : श्रीमद्भागवत, स्कंध ६, अध्याय १ आणि २



गेल्या आठवड्यात आपल्यातल्या एकीनं मला विचारलं, "दादा, सुईनं नशा करणाऱ्यांना म्हणे सरकारी कार्यक्रमातून नव्या सुया फुकट देतात. हे पाप नाही का? आपण भक्तांनी याला विरोध करायला नको का?" मी लगेच उत्तर दिलं नाही. या विषयावर बोलायचा मला अधिकार आहे का, हाच प्रश्न पडला. का पडला ते सांगतो, पण आधी कथा.

अजामिळ आपल्या सगळ्यांना माहीत आहे. आधी सदाचारी, मग वाट चुकलेला. जुगार, चोरी, फसवणूक, सगळं करून झालं. मरताना समोर यमदूत दिसले, तेव्हा घाबरून त्यानं धाकट्या मुलाला हाक मारली. मुलाचं नाव नारायण. हाक ऐकून विष्णुदूत धावत आले आणि त्यांनी यमदूतांना अडवलं. कीर्तनात आपण इथे टाळ्या वाजवतो, नामाचा महिमा म्हणतो, आणि घरी जातो.

यावेळी मी दुसरा अध्याय सावकाश वाचला. यमदूतांकडे अजामिळाच्या पापांची यादी होती आणि ती खोटी नव्हती. तरी विष्णुदूत त्यांना विचारतात की ज्यांनी प्रजेचं आईबापासारखं रक्षण करायचं, तेच जर शिक्षा नको तिथे शिक्षा देऊ लागले, तर लोकांनी आसरा कुणाकडे मागायचा? पुढे तेच असंही सांगतात, की ऋषींनी मोठ्या पापाला मोठं आणि लहान पापाला लहान प्रायश्चित्त सांगितलं आहे. सगळ्यांना एकच माप नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट पुढेच आहे. अजामिळ त्या क्षणी वैकुंठाला जात नाही! त्याचा फास सुटतो आणि तो जिवंत राहतो. मग त्याला पश्चात्ताप होतो. मग तो घर सोडून गंगाद्वाराला, म्हणजे हरिद्वारला जातो, साधना करतो, आणि शेवटी तेच विष्णुदूत त्याला न्यायला येतात. म्हणजे क्रम बघा. आधी प्राण वाचले, पश्चात्ताप नंतर झाला. विष्णुदूतांनी दारात उभं राहून "आधी सुधार, मग वाचवतो" असं म्हटलं नाही.

मी म्हटलं होतं.

आमच्या भजनी मंडळात एक पखवाज वाजवणारा होता. माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. हात असा की ऐकणाऱ्याचं मन आपोआप थांबावं. तो गर्दच्या नादी लागला, मग सुईवर गेला. एकदा मंडळाच्या पेटीतले पैसे गेले. त्यानंतर एका एकादशीला तो आला, चपला काढून दारात उभा राहिला. मी बाहेर गेलो आणि म्हणालो, "आधी ते सोड, मग ये. देवाच्या दारात असा येऊ नकोस." तो काही बोलला नाही. चपला घातल्या आणि गेला. आम्ही आत हरिपाठ सुरू केला.

घरच्यांनी त्याला व्यसनमुक्ती केंद्रात ठेवलं. तीन महिन्यांनी तो बाहेर आला. पंधरा दिवस बरे गेले. मग एका रात्री त्यानं पुन्हा घेतलं, जुन्याच प्रमाणात. तेव्हा मला माहीत नव्हतं, आता माहीत आहे : काही आठवडे बंद राहिल्यावर शरीराची सहनशक्ती उतरते आणि पूर्वी झेपणारा डोस जीव घेतो. म्हणून केंद्रातून किंवा तुरुंगातून सुटल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत धोक्याचे असतात.

त्याच्या दहाव्याला एक मुलगा घाटाबाहेर लांब उभा होता. मला म्हणाला, "दादा, तो घोरत होता, आम्हाला वाटलं झोपलाय. मग ओठ निळे पडले. फोन करायचा होता. पण पोलीस आले असते, आमच्या खिशात पुड्या होत्या. आम्ही पळालो."

मी त्याच्यावर चिडू शकलो नाही. तो पोलिसांना घाबरून पळाला. मी तर लोक काय म्हणतील याला घाबरून दार लावलं होतं.

आता त्या ताईच्या प्रश्नाकडे येतो.

आपल्या देशात १९८५ चा एनडीपीएस कायदा आहे. त्याच्या कलम २७ नुसार अमली पदार्थाचं नुसतं सेवन हाही गुन्हा आहे. हेरॉइन, कोकेन यांसारख्या पदार्थांसाठी एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. २००१ मध्ये कायदा बदलला आणि पदार्थ किती सापडला त्यावर शिक्षा कमी-जास्त ठरू लागली. ऋषींचं लहान-मोठं माप थोडं तरी कायद्यात आलं. कलम ६४-अ असंही सांगतं, की सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालवू नये. हे दार किती घरांना माहीत आहे? आमच्या मंडळात कुणालाच नव्हतं.

पोर्तुगालनं २००१ मध्ये पुढचं पाऊल टाकलं. स्वतःपुरता, सुमारे दहा दिवसांचा साठा जवळ असणं तिथे फौजदारी गुन्हा राहिला नाही. पदार्थ बेकायदाच आहेत, विकणाऱ्याला शिक्षा आहेच. पण वापरणारा माणूस कोर्टाऐवजी कायदा, आरोग्य आणि समाजकार्य जाणणाऱ्या लोकांच्या समितीपुढे जातो, आणि सोबत उपचारांची सोय वाढवली गेली. तिथे सुईमुळे होणाऱ्या नव्या एचआयव्ही लागणी पुढच्या वर्षांत खूप कमी झाल्या.

आणि सुया? एकच सुई चौघांत फिरली की एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी फिरतो, आणि मग तो त्यांच्या बायकांपर्यंतही जातो. म्हणून आपल्या राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमातून जुनी सुई घेऊन नवी दिली जाते. काही केंद्रांत बुप्रेनॉर्फीनची गोळी कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवायला देतात, म्हणजे तलफ आणि अंगदुखी आटोक्यात राहते, माणूस कामावर जाऊ शकतो. सुई मिळाली म्हणून लोक नव्यानं नशेला लागले, असं इतक्या वर्षांच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट सुई घ्यायला आलेला माणूस रोज कुणाशी तरी बोलतो. एक दिवस तोच विचारतो, "सोडायचं असेल तर काय करावं लागेल?"

ताई, म्हणून माझं उत्तर असं : ती सुई नशेसाठी दिलेली नाही. ती वेळ मिळावा म्हणून दिलेली आहे. हरिद्वारला जायला आधी माणूस जिवंत असावा लागतो.

मी नशेला चांगलं म्हणत नाही. त्या घरातल्या आईचं रडणं मी ऐकलंय. पण गीतेतही (९.३०–३१) भगवंत दुराचारी माणसाबद्दल बोलताना, तो अनन्य भावानं वळला की त्याला आधी साधू मानायला सांगतात, आणि तो लवकरच धर्मात्मा होतो हे त्यानंतर सांगतात. जवळ घेणं आधी, शुद्ध होणं नंतर. आपण मात्र आधी त्याचं नाव काढून घेतो आणि त्याला 'गर्दुल्ला' म्हणतो. ज्याला कुणी नावानं हाक मारत नाही, तो मदतीसाठी कुणाला हाक मारणार?

आजचा संकल्प, तीन गोष्टी :

१. व्यसनात असलेल्या एका तरी ओळखीच्या माणसाला आज नावानं हाक मारा. उपदेश नको, "जेवलास का?" एवढं पुरे.

२. १४४४६ हा राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनचा नंबर फोनमध्ये ठेवा.

३. कुणी हाक मारून, हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा घरघरणारा असेल, ओठ-नखं निळी पडत असतील, तर १०८ ला फोन करा. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका. श्वास थांबला तर फोनवरचे लोक सांगतील तसं करा. काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. गर्द, हेरॉइनवर नॅलोक्सोन हे औषध वेळेत मिळालं तर श्वास परत येऊ शकतो.

आमच्या मंडळात आता एकादशीला दार उघडं असतं. जो येईल त्याला आत बसायला जागा आहे, तो कुठल्याही अवस्थेत असो. पेटीला कुलूप घातलंय, दाराला नाही. पखवाज मात्र अजून तसा कुणी वाजवत नाही.

पांडुरंगा, ज्याच्या गळ्यात फास आहे त्याला थोडा वेळ दे. आणि त्या वेळात आम्हाला त्याच्या शेजारी बसायची बुद्धी दे.

राम कृष्ण हरी.