जोहार

कोरपन्याचा आठवडी बाजार भरला की मी पिशवी घेऊन दोन फेऱ्या जास्तच मारतो. घ्यायची असतात चार वांगी आणि पावभर मिरची. पण माणसे पाहायला मिळतात. अशाच एका बाजारात माणिकगडाच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या गोंडाने मला पाहून हात जोडले आणि म्हटले, "जोहार, गुरुजी."

त्याच्या चेहऱ्यावर नुसता आनंद होता. मी मात्र दचकलो. माझ्या घरात हा शब्द दोन पिढ्या कोणी उच्चारलेला नाही.

माझा आजा गावकीचा महार. इतर माणसे एकमेकांना 'रामराम' करीत. त्याने पाटलाला दुरून, वाकून 'जोहार' करायचा. रामराम हा बरोबरीच्या माणसांचा, जोहार हा खालच्याने वरच्याला करायचा, अशी ती विभागणी होती, आणि ती चुकली तर शब्दावर भागत नसे. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला दीक्षा दिली, तेव्हा आजा माझ्या बापाचा हात धरून वर्धा नदी ओलांडून गेला होता. आमचा राजुरा तालुका त्या दिवशी हैदराबाद राज्यात होता; तो मुंबई राज्यात आला पंधरवड्यानंतर, १ नोव्हेंबरला. म्हणजे नदी ओलांडणे हे तेव्हा राज्य ओलांडणेच होते. परत आल्यावर आजा म्हणाला म्हणे, "तो शब्द मी नदीपल्याड ठेवून आलो." त्या जागी 'जय भीम' आला. तो कामठीच्या बाबू हरदासांनी रूढ केला असे मानतात.

तोच शब्द माझ्यापुढे हात जोडून उभा राहिला. त्या दिवसापासून मी त्याचा पिच्छा पुरवला आहे.

शब्दाच्या जन्माविषयी मतभेद आहेत. कोणी तो 'जय'शी जोडतात, म्हणजे मुळात तो जयजयकार ठरतो. आमच्यातले काही जुने लोक त्याला योद्ध्याशी जोडीत, महारांच्या तलवारीची आठवण म्हणून. दुसरी व्युत्पत्ती भाषेपेक्षा स्वाभिमानाने काढलेली दिसते, आणि मला ती त्यासाठीच आवडते. तुलसीदासांच्या रामचरितमानसात अयोध्याकांडातले कोल-किरात रामाला जोहार करतात. म्हणजे सोळाव्या शतकातल्या कवीच्या नजरेतही रानातल्या माणसाने करायचे वंदन ते हेच.

मराठीत या शब्दाला देवळाच्या दारापर्यंत नेले ते चोखोबांनी. मंगळवेढ्याचा हा संत १३३८ साली, गावकुसाचे काम चालू असता, भिंत कोसळून गेला. पंढरपूरच्या महाद्वारापाशी त्याची समाधी आहे. दाराच्या आत नव्हे, हे ध्यानात घ्यावे. त्याच्या अभंगांत 'जोहार' म्हणून एक प्रकारच आहे. त्यात महार आपल्या धन्याला जोहार घालतो, पण धनी आहे विठ्ठल. पाटलाच्या चावडीवर जे बोलणे सक्तीचे होते, तेच बोलणे चोखोबांनी देवापुढे नेऊन ठेवले.

आता हे बंड म्हणायचे की शरणागती? लहानपणी मला वाटे, शरणागतीच. पुढे वाटू लागले, की हा माणूस शब्दाचा धनी बदलतो आहे. पाटलाची ठेव पाटलाच्या हातून काढून घेतो आहे. आणि तरीही माझे समाधान होत नाही. कारण अभंग रचून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी चावडीवर जोहार घालायचा होताच. पुढे एकनाथांनी भारुडांत महाराच्या तोंडून जोहार घालविले. नाथांचे मन मोठे, यात शंका नाही. पण पैठणच्या ब्राह्मणाने जोहार म्हटला तर त्याचे काय जाते? तो वेष उतरवून घरी जाऊ शकत होता. शब्द एकच, पण तो कोणाला टाळता येतो आणि कोणाला येत नाही, यावर त्याचे वजन ठरते असे मला वाटते. कोशात हे वजन लिहिलेले नसते.

मग हा बाजारातला म्हातारा? मी त्याला चहाच्या टपरीवर बसवले आणि सरळच विचारले, की तुम्ही जोहार कोणाला करता.

"कोणाले म्हणजे? येतानी जातानी आपल्या माणसाले करते जी. पेनले करते. पाहुना आला तं त्याले करते."

"मोठ्याने लहानाला केला तर चालते?"

तो हसला. "तुमीबी इचारता काहीबाही, गुरुजी. लहान पोराले नाही करत का रामराम?"

पेन म्हणजे गोंडांचा देव. देवाला, पाहुण्याला आणि पोराला एकच शब्द. सेवा जोहार, असे जोडूनही म्हणतात. चांद्याला अठराव्या शतकाच्या मध्यापर्यंत गोंड राजांचे राज्य होते. ज्यांच्यात राजेही झाले त्यांच्या तोंडी हा शब्द पाठ न वाकविता राहिला असेल, असा एक तर्क माझ्या मनात येऊन गेला. पण तो मी फार ताणत नाही. राज्य गेल्यावर गोंडांनाही जंगलखात्यापुढे आणि सावकारापुढे पुष्कळ वाकावे लागले आहे, आणि शब्द त्यांच्याकडे तसाच आहे.

घरी येऊन बापाला हे सारे सांगितले. तो आता ऐंशीच्या घरात आहे. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, "त्याहीचा शब्द त्याहीले लखलाभ. आपला वायला होता." मी म्हटले, "शब्द तर एकच आहे, बा." तर तो म्हणाला, "एकच असला म्हनून काय झालं? इळा एकच असते. कोनी धान कापते, कोनी बोट."

मला उत्तर सुचले नाही.

त्यानंतरच्या बाजारात म्हातारा पुन्हा भेटला. पाठीवर डिंकाची गाठोडी होती, बरोबर नात होती. दोघांनी हात जोडले, जोहार केला. मी हात जोडले. शब्द जिभेवर आला होता, पण आजा आठवला, नदी आठवली, आणि मी म्हणालो, "जय भीम, बाबा."

त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. "जय भीम, जय भीम," म्हणत त्याने गाठोडी खाली ठेवली आणि डिंकाला या हप्त्यात काय भाव निघाला ते विचारले.