हजेरी

दिवाळी सरली की अंबडच्या चौकात स्नेहमेळाव्यांचे फलक लागतात. मत्स्योदरी देवीच्या पायऱ्यांवर, पोट आत ओढून काढलेले फोटो फिरतात. शाळा जागेवर असली की हे सगळं सोपं असतं.

आमच्या शेजारचे काका मात्र गेल्या होळीला श्रीरामपूरकडच्या एका मळ्यावर, आपल्या जुन्या शाळेच्या मेळाव्याला गेले होते. १९६१च्या कमाल जमीनधारणा कायद्यानं खासगी साखर कारखान्यांचे उसाचे मळे सरकारकडे गेले आणि १९६३ साली शेती महामंडळ आलं. मळा म्हणजे नुसतं शेत नव्हे. चाळी, भोंगा, पगाराच्या दिवशीचा बाजार, पोरांची शाळा, असं अख्खं गावच. पुढे महामंडळ आक्रसलं, माणसं पांगली.

शाळेच्या जागी आता बाभळी आहेत. ऐंशी वर्षांच्या गुरुजींनी बाभळीखालीच हजेरी घेतली, तीही आडनावानं नव्हे, चाळीच्या नंबरानं. “तीन नंबर!” म्हणताच चौघं उठले. त्यांतल्या एकाला काठी लागते. गेलेल्यांचीही नावं गुरुजींनी घेतली; तेव्हा कुणीतरी हळूच “हजर” म्हणालं.

येताना काकांनी रुमालात तिथल्या विलायती चिंचा आणल्या. दोन माझ्या हातावर ठेवल्या. तुरट होत्या. काकांना मात्र गोड लागत होत्या.