रेघेखालची जागा

परवा एका रविवारी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. शाळेत असताना त्याचे अक्षर इतके देखणे होते, की गणिताच्या वहीत त्याची चूक दाखवतानाही लाल शाईचा फराटा ओढण्याचा मला धीर होत नसे. आता तो बोधचिन्हे रेखाटून पोट भरतो. चहा झाल्यावर त्याने पिशवीतून कागदांची गुंडाळी काढली आणि सतरंजीवर पसरली. गाण्यांची एक नवी कंपनी निघत होती आणि तिच्या तीन अक्षरी नावाचे चिन्ह त्याला करायचे होते. वीणा नको, मोर नको, चित्रच नको. नुसती अक्षरे हवीत, आणि ती आजची दिसावीत, अशी मागणी होती.

मी एकेक कागद पाहू लागलो. कुठे वेलांटीची सतार झाली होती, कुठे काना ताठ उभा राहून माना वळवून पाहणाऱ्या अक्षरांना दटावत होता. पुष्कळ कागदांवर शिरोरेषाच उडवली होती. मी एकदोन नमुन्यांची तारीफ केली. पण त्याचे लक्ष नव्हते.

"सर, चिन्ह होईल हो," तो म्हणाला. "अडचण निराळीच आहे. हे चिन्ह फोनच्या पडद्यावर नखाएवढ्या चौकोनात बसवायचे आहे. तिथे गाणाऱ्याचे नाव मावत नाही. कंपनी म्हणते, नावे आत कुठेतरी देऊ, बाहेर फक्त आमची अक्षरे. गाणे एकाने गायचे, छाप दुसऱ्याची उमटायची, आणि ती छाप मी सुंदर करून द्यायची. यात माझाही काही दोष होतो का?"

मी मास्तर. उत्तर तयार असण्याची वाईट खोड मला आहे. मी म्हणालो, "अरे, पेढ्याच्या पुड्यावर हलवायाचे नाव असते, गवळ्याचे नसते. तू आपले काम चोख कर." तो हसला, कागद गुंडाळले आणि गेला. पण प्रश्न मात्र माझ्याकडेच ठेवून गेला.

कलकत्त्यात 1902 साली गौहर जान यांचे गाणे फ्रेड गैसबर्ग याने तबकडीवर उतरवले, तेव्हाची हकिगत प्रसिद्ध आहे. तीन मिनिटांच्या आत चीज आटोपायची आणि शेवटी आपले नाव मोठ्याने उच्चारायचे. तबकड्या छापल्या जात दूर जर्मनीत. तेथल्या कामगारांना गाणे कोणाचे ते समजावे, म्हणून ही सोय. सोय कारखान्याची खरी. पण त्या सोयीपोटी एक बाई स्वतःच्या तोंडाने, ठसक्यात, आपण कोण ते जगाला सांगून गेली. शंभरावर वर्षे लोटली, ते नाव अजून त्या गाण्याला चिकटून आहे.

त्याच सुमारास विलायतेत दुसरी गोष्ट घडली होती. फ्रान्सिस बरॉ नावाच्या चित्रकाराने भावाच्या मागे राहिलेल्या निपर या कुत्र्याचे चित्र काढले होते. कुत्रा फोनोग्राफच्या कर्ण्याशी कान लावून बसला आहे. ग्रामोफोन कंपनीने 1899 साली ते विकत घेतले, पण एका अटीवर: जुने यंत्र पुसून तेथे आमचे यंत्र रंगवायचे. बरॉने रंगवले. पन्नास पौंड चित्राचे मिळाले, पन्नास हक्काचे. पुढे ते चित्र आपल्याकडेही घरोघर पोचले. एक अक्षर न वाचता येणारा माणूससुद्धा कुत्रा पाहून तबकडी अस्सल असल्याचे ओळखू लागला. चिन्हाचा हा गुण नाकारून चालणार नाही. चिन्ह हे एक वचन असते, आणि अनोळखी गिऱ्हाइकाला दिलेले वचन पाळणे ही काही लहानसहान नीती नव्हे.

परंतु वचन देणारा आणि आवाज देणारा हे दोघे निराळे असले, म्हणजे घोटाळा सुरू होतो. 1949 सालच्या 'महल' चित्रपटाच्या तबकडीवर गायिका म्हणून 'कामिनी' असे छापले होते. कामिनी हे त्या चित्रपटातील पात्राचे नाव! कंपनीचे चिन्ह जागच्या जागी, ठळक. आणि जिचा गळा साऱ्या देशाने ऐकला, त्या लता मंगेशकरांना मात्र तेथे जागा नव्हती. कोणी मुद्दाम दुष्टावा केला असे नव्हे. तशी रीतच होती. जगातले पुष्कळसे अन्याय रीत म्हणूनच होतात. करणाराला ते दिसत नाहीत.

हे वाक्य मनाशी जुळवून मी स्वतःवर खूश झालो, आणि तेवढ्यात मला कपाट आठवले.

बारा वर्षांपूर्वी आमच्या शाळेचा वार्षिक अंक निघाला होता. संपादक मी. आत मुख्याध्यापकांचे नाव होते, माझे दोनदा होते, छापखान्याचेही होते. मुखपृष्ठावरची अक्षरे सर्वांना आवडली होती. ती याच मुलाने आठ रात्री जागून काढली होती. त्याचे नाव कोठेही नव्हते. जागा पुरली नाही, असे मी तेव्हा म्हणालो असेन. नंतर एकदा त्याची आई बाजारात भेटली. "अंक छान झाला हो, सर. मी दोनदा सगळा वाचला," एवढेच ती म्हणाली. दोनदा का, ते मला परवापर्यंत उमगले नव्हते.

आठवड्याने तो पुन्हा आला. या वेळी एकच कागद होता. तीन अक्षरे साधी, ठसठशीत, आणि शिरोरेषा परत आलेली. मोडीत आधी पानभर रेघ ओढीत आणि मग तिच्याखाली अक्षरे लिहीत. तसे त्याने केले होते. रेघ तिसऱ्या अक्षरापाशी थांबत नव्हती. पुढे तेवढीच आणखी गेली होती आणि तिच्याखाली कोरी जागा होती.

"इथे गाणाऱ्याचे नाव," तो म्हणाला. "प्रत्येक गाण्याला निराळे. रेघ तीच."

तंबोऱ्याचा षड्ज लागलेला असावा आणि कोणीही येऊन त्यावर आपला स्वर लावावा, तशी ती रेघ मला दिसली.

"पण नखाएवढ्या चौकोनात?"

"आमची अक्षरे लहान होतात. कंपनीला तेच पसंत नाही. बहुधा काम जाईल." मग थोडे थांबून म्हणाला, "पण चिन्ह मला असेच दिसते आहे, सर."

या वेळी माझ्यापाशी उत्तर तयार नव्हते. मी उठलो, कपाटातून तो जुना अंक काढला आणि मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला शाईने त्याचे नाव लिहिले. माझे अक्षर त्याच्यापुढे अगदीच गबाळे दिसत होते. त्याने अंक हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "आईला दाखवू का?"