दोघांनाही उतरवता येईल अशी गाडी

कराड

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज आणि दोन्ही गाड्यांचे फोटो मिळाले. फोन करणार होतो, पण फोनवर सांगितलेलं तू 'हो मामा, हो मामा' करत ऐकतेस आणि नंतर विसरतेस. म्हणून निवांत बसून लिहितोय. मामीच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. चष्मा अजून मिळायचाय, तरी तुझे फोटो तिनं मोठे करकरून पाहिले. म्हणाली, "गाडी तर एकच दिसतेय. एकीला दोन गोल दिवे, दुसरीला चार चौकोनी, एवढाच काय तो फरक." बाळ, तिनं बरोबर ओळखलं. अमेरिकेत गोल दिव्यांची ती एफजे ६० आणि चार चौकोनी दिव्यांची ती एफजे ६२.

फरक मात्र दिव्यांपुरता नाही. टोयोटानं ही ६० सिरीजची लँड क्रूझर १९८० मध्ये आणली. तुमच्याकडे १९८७ पर्यंत जी आली तिला चार गिअरचा मॅन्युअल गिअरबॉक्स आणि २एफ इंजिन, ४.२ लिटरचं, कार्बोरेटरवालं. १९८८ ते १९९० मध्ये जी आली तिला चार गिअरचा ऑटोमॅटिक आणि ३एफ-ई इंजिन, ४ लिटरचं, फ्युएल इंजेक्शनचं, साधारण १५५ हॉर्सपॉवरचं. म्हणजे तुमच्या बाजारात मॅन्युअल की ऑटोमॅटिक हे ठरवताना तू इंजिनही ठरवते आहेस. नुसतं 'मला गिअर टाकायला आवडतं' एवढ्यावर निर्णय घेऊ नकोस.

तुला गिअर टाकायला का आवडतं ते मला ठाऊक आहे गं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या महिंद्रात तू माझ्या शेजारी बसायचीस, तळहात गिअरच्या गोळ्यावर. मी क्लच दाबला की तू दुसरा टाकायचीस. दांडी कशी थरथरायची आणि गिअर बसला की ती थरथर कशी बदलायची, हे तुझ्या हातानं तेव्हाच ओळखलं होतं. पुढे कारखान्याच्या रस्त्यावर, उसाच्या ट्रॉल्या चुकवत, तू गाडी शिकलीस. मलाही आतून वाटतं की पोरीनं मॅन्युअलच घ्यावी. आणि मॅन्युअलचे गुण खरे आहेत. लो रेंजमध्ये पहिला टाकून पाय काढला की दोन टनांच्या आसपासची ती गाडी इंजिनच्या जोरावर अडून अडून उतरते, ब्रेकवर फारसा पाय द्यावा लागत नाही. बॅटरी बसली तर धक्का मारून किंवा उतारावर सोडून चालू करता येते. ऑटोमॅटिकला ते जमत नाही.

पण माझ्या जिवाला घोर आहे तो वेगळाच. तुझ्या मेसेजात एक वाक्य होतं, 'यांना क्लचची गाडी येत नाही, पण डोंगरात मीच चालवणार.' ते वाक्य वाचल्यापासून मला चैन नाही.

कोयनेच्या रानात, नवजाच्या वरच्या अंगाला मी आणि ड्रायव्हर पावसाळ्यात गाडीनं फेरीवर होतो ते तुला सांगितलंय का? ड्रायव्हर खाली उतरून दगड बाजूला करत होता, शेवाळावरून पाय सटकला आणि डावा घोटा बघता बघता नारळाएवढा सुजला. डाव्या पायाशिवाय क्लच कसा दाबणार? मला गाडी येत होती म्हणून मी स्टीअरिंगला बसलो आणि लो गिअरमध्ये, चिखलातून, कोयनानगरला उतरलो. तो बिचारा शेजारी दात आवळून बसला होता. मला येत नसती तर त्या पावसात आम्ही दोघं रात्रभर तिथेच राहिलो असतो. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगत आलोय: घाटात, रानात जाणारी गाडी एकट्यालाच चालवता येणारी नसावी. जी गाडी वर नेली ती खाली आणायला दुसरा माणूस हवा.

आणि तू जाणार आहेस कुठे? कुंभार्ली घाटात नाही. तुम्ही राहता ते डेन्व्हरच मुळात ५,२८० फुटांवर. उरे आणि टेल्युराइडच्या बाजूचे ते सॅन वॉन डोंगर, तिथली इमोजीन पास १३,००० फुटांच्या वर. एवढ्या उंचीवर चांगल्या धडधाकट माणसाचं डोकं गरगरतं, उलट्या होतात. तुला तर महाबळेश्वरच्या वळणांनीसुद्धा मळमळायचं! समजा तू वर आजारी पडलीस, पाय मुरगळला, आणि जावईबापूंना ती गाडी हलवताच येत नाही. फोनला रेंज नाही, दुपारनंतर विजा कडाडायला लागतात, अंधार पडत चाललाय. मला हे चित्र डोळ्यांसमोर येतं आणि मी उठून बसतो.

म्हणून माझा सल्ला आहे, दोन्ही गाड्या सारख्याच चांगल्या निघाल्या तर चौकोनी दिव्यांची, ऑटोमॅटिक घे.

उंचीचाही विचार कर. दर हजार फुटांना इंजिनची ताकद साधारण तीन टक्के कमी होते, म्हणजे १२,००० फुटांवर एक तृतीयांशाच्या आसपास गेलीच. विरळ हवेत कार्बोरेटरकडून पेट्रोल प्रमाणाबाहेर जातं. ट्यूनिंग नीट नसेल तर गाडी काळा धूर सोडत, गचके खात चढते. इंजेक्शनची गाडी येणारी हवा मोजून पेट्रोल देते, म्हणून तिथे ती शहाण्यासारखी वागते. चढावर दगडापाशी थांबून पुन्हा निघायचं तर हाफ क्लच नाही, गाडी मागे सरकायची भीती कमी, क्लच प्लेट जळाल्याचा वास नाही. आणि एरवी आठवडाभर तू शहरातल्या गर्दीतच अडकलेली असणार. सिग्नलगणिक तो जड क्लच दाबून संध्याकाळी गुडघा धरून बसशील.

आता उताराचं नीट ऐक, कारण ऑटोमॅटिकवाले इथेच चुकतात. 'डी'मध्ये ठेवून ब्रेकवर पाय देऊन उतरायचं नाही. आपल्याकडचे जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलास त्याच गिअरमध्ये उतर. ते ऑटोमॅटिकलाही लागू आहे. उतार सुरू व्हायच्या आधी गाडी पूर्ण थांबव, ट्रान्सफर केस लो रेंजमध्ये टाक, दांडी 'एल'वर आण, मग निघ. हायवेच्या लांब उतारावर ओव्हरड्राइव्हचं बटण बंद कर आणि गरज पडेल तशी दांडी '२'वर घे. मॅन्युअलइतकी घट्ट धरणार नाही, टॉर्क कन्व्हर्टर थोडा घसरतो, त्यामुळे अधूनमधून ब्रेक लागेल. पण तो दाबून सोडायचा, पाय ठेवून बसायचं नाही. ब्रेक ऑइल उकळलं की पेडल थेट तळाला जातं. तुमच्या पाइक्स पीकच्या रस्त्यावर उतरताना ग्लेन कोव्हपाशी गाड्या थांबवून ब्रेक किती तापलेत ते तपासतात, जास्त तापलेले असले तर निवेपर्यंत पुढे सोडत नाहीत. रोज एवढ्या गाड्या बघणारी माणसं हे करतात, म्हणजे त्यामागे कारण आहे.

गाडी बघायला जाशील तेव्हा एकटी जाऊ नकोस, आणि मालकाला आधी सांग की इंजिन गार ठेव. गार इंजिन कसं चालू होतं ते बघायचं. मग अर्धा तास फिरवून, ऑटोमॅटिक असेल तर इंजिन चालूच ठेवून गिअरबॉक्सची ऑइल काडी काढ. ऑइल लालसर हवं. तपकिरी झालं असेल, जळका वास येत असेल, तर तिथूनच नमस्कार करून परत ये. त्या ऑटोमॅटिकचा गिअरबॉक्स दणकट आहे, पण उघडावा लागला तर त्याचा जाणकार मिस्त्री शोधणं अवघड. रेडिएटरचं झाकण गाडी गार असतानाच उघड. आत गुलाबी दुधासारखं काही दिसलं तर गिअरचं ऑइल आणि पाणी एकत्र झालंय, ती गाडी नकोच.

मॅन्युअल बघशील तर चौथ्या गिअरमध्ये हळू चालवून एकदम अॅक्सिलरेटर दाब. इंजिनचा आवाज वाढला आणि गाडी वाढली नाही तर क्लच गेला. उतारावर पाय काढल्यावर गिअर आपोआप सुटतो का तेही बघ.

आणि दोन्हींच्या खाली वाकून बघ, अगदी पालथी पडून. तुमच्याकडे बर्फात रस्त्यावर मीठ आणि मॅग्नेशियम क्लोराइड मारतात, त्यानं पत्रा खाल्लेला असतो. मागच्या चाकांच्या कमानी, मागचं खालचं दार, छताच्या पन्हाळी आणि चॅसिस. चॅसिस गंजलेली असेल तर गिअरबॉक्स कुठलाही असो, उपयोग नाही. गिअरचा प्रश्न त्याच्या नंतरचा.

तुझं मन गोल दिव्यांवरच अडलं असेल तर मी रागावणार नाही. पण मग माझी एक अट. आधी जावईबापूंना क्लच शिकव, आणि ते कुठल्याशा टेकडीवर तुला शेजारी बसवून वर जाऊन खाली येईपर्यंत पैसे देऊ नकोस. शिकवताना ओरडू नकोस, मी तुझ्यावर कधी ओरडलो नव्हतो. आणि गाडी कुठलीही असो, पहिल्या वर्षी ब्लॅक बेअर पासचं नावसुद्धा काढायचं नाही. तो रस्ता एकेरी, टेल्युराइडकडे उतरतच जातो, मध्ये मागे वळता येत नाही. इतर अरुंद वाटांवर चढणाऱ्या गाडीला आधी वाट दे. तुमच्याकडेही तोच रिवाज आहे आणि आपल्या घाटातही.

इकडे ऊस अजून उभाच आहे, तोडणीची टोळी येते येते म्हणते. मागच्या पडवीची कौलं काढून पत्रा घातला, त्याचा आवाज मामीला सहन होत नाही. आपली महिंद्रा चालू आहे, आठवड्यातून एकदा बाजाराला नेतो.

दोन्ही गाड्या बघून झाल्या की मला सविस्तर कळव. फोटो नंतर पाठव. आधी एवढंच लिही की तू चालवलीस, त्यांनीही चालवली, आणि उतार दोघांनाही जमला. ते वाचलं की मी निश्चिंत. जावईबापूंना आशीर्वाद सांग, थंडीत कान बांधून हिंडा, आणि मामीनं सांगितलंय की मेतकूट संपलं असेल तर लाजू नकोस, माग.

तुझा
मामा