मार्गशीर्षात देव घरी नसतो

कार्तिकी वारीची गर्दी ओसरली की पंढरपूरकरांना त्यांचं गाव परत मिळतं. मठांच्या ओसऱ्या रिकाम्या होतात, वाळवंटातल्या राहुट्या निघतात आणि घराघरांत कुणीतरी विचारतं, ‘विष्णुपदाला कधी जायचं?’ मग एखाद्या सुट्टीच्या दिवशी दशम्या, दहीभात, शेंगांची चटणी, भरली वांगी असं डब्यांत भरून, सतरंजी काखोटीला मारून सगळं घर पोराटोरांसह बाहेर पडतं. अंतर जेमतेम एक-दीड किलोमीटर. चंद्रभागेला पाणी असेल तर होडीने, नाहीतर चालत. होडीवाल्याचे पैसे आणि पोरांनी रडून घ्यायला लावलेला फुगा, एवढाच काय तो खर्च.

विष्णुपद म्हणजे नदीकाठचा दगडी खांबांचा मंडप. आत उंच गाभारा नाही, मूर्तीपुढची रांग नाही. बघायचं ते सगळं खाली, दगडात. श्रीकृष्णाच्या पावलांच्या खुणा, गाईच्या खुरांचे ठसे आणि काल्याची वाटी म्हणून दाखवतात तो वाटीएवढा खळगा. मोठ्या माणसांना वाकावं लागतं. चार वर्षांच्या पोराला नुसतं उकिडवं बसलं की पुरतं. ते खुराच्या ठशात बोट घालून बघतं, मग वाटीत मूठ घालतं आणि विचारतं, ‘देवाचा डबा सांडला होता का?’ दर्शनाच्या रांगेत बापाच्या खांद्यावर बसून ज्याला पुढच्या माणसाच्या टाळूशिवाय काही दिसलं नव्हतं, त्याला इथे देवाचं ताटच हाताला लागतं.

मार्गशीर्षात विठोबा महिनाभर इथे राहायला येतो अशी श्रद्धा आहे. म्हणून लोक इथे येतात, पावलांना हात लावतात आणि नदीकाठी पंगत मांडतात. याला वनभोजन म्हणतात. पिकनिक हा शब्द मराठीत रुळायच्या कितीतरी आधीपासून हा शब्द आपल्याकडे आहे आणि त्याला धार्मिक विधीचा मान आहे. कार्तिकातलं आवळीभोजन त्याच घरातलं: शुद्ध नवमीपासून पौर्णिमेपर्यंत केव्हातरी आवळ्याच्या झाडाखाली पूजा करायची आणि तिथेच जेवायचं. आता शहरात आवळ्याचं झाड शोधत सोसायटीच्या बागेपासून नर्सरीपर्यंत हिंडावं लागतं, कुणी कुंडीतल्या रोपावरही भागवतं, ते सोडा.

पण विठोबा इथे का येतो, याच्या कथा दोन आहेत आणि त्या एकमेकींशी मुळीच जुळत नाहीत. पहिली खेळाची. रुसून दिंडीरवनात आलेल्या रुक्मिणीला शोधत कृष्ण इकडे आला, गाई आणि गोपाळ बरोबर होते, त्यांच्यासह त्याने इथे काला केला. पावलं, खुरं, वाटी ही त्याची खूण. दुसरी शोकाची. कार्तिक वद्य त्रयोदशीला, १२९६ साली, ज्ञानदेवांनी आळंदीला समाधी घेतली. ती पाहून परतलेल्या विठोबाला राउळात राहवेना, म्हणून पुढचा महिना तो या एकांतात येऊन राहिला. एकाच दगडावर एका कथेत देव जेवतो आणि दुसरीत त्याला घास उतरत नाही. शेजारी सतरंजीवर कुणीतरी लोणच्याची बरणी शोधत असतं आणि पोरं पकडापकडी खेळत असतात.

प्रश्न इथूनच सुरू होतो. देवाच्या दुःखाच्या जागी मुलांना हुंदडू द्यावं का? लहान मुलांना घेऊन देवस्थानी जाणाऱ्या बहुतेक मराठी घरांना हा प्रश्न वेगळ्या शब्दांत छळतो. जेजुरी असो, एकवीरा असो, अष्टविनायकातला एखादा गणपती असो, परतल्यावर सांगताना जीभ थोडी अडखळते: ‘दर्शनही झालं आणि मुलांचं फिरणंही झालं.’ या वाक्यातला ‘ही’ फार बोलका आहे. दर्शन हे पुण्याच्या खात्यात, फिरणं हे चैनीच्या; दोन्ही एकाच एसटीच्या तिकिटात उरकली, याचा आनंद आणि थोडा अपराधभावही.

हे दोन खात्यांचं गणित आपल्याच तत्त्वज्ञानाला मान्य होईल का, हे तपासायला हरकत नाही. पूर्णकाम ईश्वराने जग निर्माण कशासाठी केलं, हा वेदान्तापुढचा जुना पेच आहे. काही हवं म्हणून केलं म्हणावं, तर तो पूर्ण राहत नाही. काही नको असताना केलं म्हणावं, तर ते वेड्याचं काम ठरतं. ब्रह्मसूत्रांच्या दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्या पादात यावर उत्तर येतं ते एका शब्दावर तोललेलं: लीला. शंकराचार्य त्यावर दाखले देतात तेही घरगुती आहेत. ज्याला काही मिळवायचं उरलेलं नाही असा राजा किंवा त्याचा अमात्य क्रीडाविहाराला जातो, त्याला तिथून काही आणायचं नसतं. किंवा श्वास घ्या: तो कुठल्या हेतूने चालत नाही, आपल्या स्वभावाने चालतो. ही सगळी सृष्टीची भाषा अविद्येच्या पातळीवरची आहे, असंही आचार्य लगेच बजावतात. तरी जगाच्या मुळाशी काय आहे हे सांगताना त्यांना सहलीला निघालेला माणूस आठवला, ही गोष्ट उरतेच.

या कसोटीला आजची कौटुंबिक सहल लावली तर ती बरीच नापास होते. आपण मुलांना किल्ल्यावर नेतो ते इतिहास कळावा म्हणून, बागेत नेतो ते निसर्गाची ओळख व्हावी म्हणून, देवळात नेतो ते संस्कार व्हावेत म्हणून. शिवाय फोटो. प्रत्येक फेरीतून काहीतरी घरी आणायचंच, असा जणू दंडक. नदीकाठी गोटे पाण्यात फेकत बसलेल्या मुलाला मात्र त्यातून काहीच आणायचं नसतं. डुबुक असा आवाज आला की त्याचं काम झालं. मग तो दुसरा गोटा उचलतो. आचार्यांच्या राजाच्या सर्वांत जवळ त्या काठावर कुणी असेल, तर ते हे पोर. त्याला ‘चल, देवाला नमस्कार कर’ म्हणून ओढत नेताना आपण त्याला कुठून कुठे नेतो आहोत, हे एकदा थांबून बघायला हवं.

डच इतिहासकार योहान हाउझिंगा यांनी १९३८ साली आलेल्या ‘होमो लुडेन्स’ या पुस्तकात खेळ आणि विधी यांचं नातं उलगडताना एक साधं निरीक्षण मांडलं. दोन्हींसाठी माणूस जमिनीचा एक तुकडा रोजच्या व्यवहारापासून आखून वेगळा काढतो आणि त्या रेषेच्या आत निराळे नियम चालतात. विटीदांडूची गल आणि यज्ञाची वेदी दोन्ही जमिनीत खणूनच होतात, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको.

वारकऱ्यांनी तर हे नातं कधी लपवलंच नाही. सप्ताहाची सांगता काल्याच्या कीर्तनाने होते आणि त्यात बुवा सांगतात ती गोष्ट मुळात पोरांच्या वनभोजनाचीच. भागवताच्या दशम स्कंधात ती आहे: यमुनेच्या काठी गोपाळ कृष्णाभोवती कड्याकड्याने बसले आहेत, कुणाचं ताट पानाचं, कुणाचं सालीचं, कुणाचं चक्क दगडाचं. एकमेकांच्या शिदोऱ्यांची चव बघणं आणि खोड्या चाललेल्या. ब्रह्मदेव वरून बघतो आणि त्याला हा देव पटेना. म्हणून तो आधी वासरं पळवतो, मग पोरं. कृष्ण स्वतःच सगळी वासरं आणि सगळी पोरं होऊन वर्षभर घरोघर राहतो. त्या वर्षी आयांना आपली पोरं नेहमीपेक्षा जास्त लाडकी वाटली, असं भागवत सांगतं. का, ते त्यांना कळलं नाही. कीर्तनकार याला आपली फोडणी देतात: काल्याचं उष्टं मिळावं म्हणून देव मासे होऊन यमुनेत आले, आणि कृष्णाने ते ओळखून गड्यांना सांगितलं, हात पाण्यात धुऊ नका, घोंगडीला पुसा. या जागी मंडपातली पोरं हमखास हसतात. हात धुवायला लावणाऱ्या आया जरा कमी हसतात.

काल्यात उष्टं चालतं, ही त्याची खरी धार. सोवळं-ओवळं, पंगतीची जात, वाढण्याचा क्रम, सगळं त्या कालवलेल्या दहीलाह्यांत बुडतं. पण खेळाच्या रेषेबाहेर नियम जागचे हलत नाहीत, हेही याच गावाने दाखवलं. वाळवंटात शतकानुशतकं काल्याचा गजर झाला आणि विठ्ठलाच्या देवळाचं दार दलितांसाठी उघडलं ते १९४७ साली, साने गुरुजी उपोषणाला बसल्यावर.

हा आक्षेप ब्रह्मसूत्रकारांनाही चुकला नव्हता. लीलेच्या सूत्राला लागूनच पुढचं सूत्र आहे आणि ते वैषम्य व नैर्घृण्य यांचं आहे: जग हा ईश्वराचा खेळ असेल, तर त्या खेळात एकाला सुख आणि दुसऱ्याला हाल का? तो पक्षपाती ठरतो, निर्दय ठरतो. उत्तर कर्माचं दिलं आहे. ईश्वर पावसासारखा, पाऊस सगळ्या शेतावर सारखाच पडतो, उगवतं ते ज्याच्या त्याच्या बियाण्याप्रमाणे. उत्तर कुणाला पटेल, कुणाला नाही. ‘मागच्या जन्मीचं’ म्हणून आजचा अन्याय झाकायला ते किती सोयीचं पडतं, हे देवळाबाहेर उभं राहिलेल्यांनी फार भोगलं. पण खेळाची महती सांगून झाल्यावर पुढच्याच ओळीत त्याची किंमत कोण चुकवतो हे विचारलं गेलं, ही त्या ग्रंथाची सचोटी.

सहलीला हा प्रश्न विचारायचा, तर लातूरला जावं. विष्णुपदाचा महिना ज्या अमावास्येला संपतो, तीच लातूर-धाराशिवकडची वेळ अमावास्या, बोलीत येळवस. शेजारच्या कर्नाटकात तिला एळ्ळ अमावास्या म्हणतात; एळ्ळु म्हणजे तीळ. त्या दिवशी लातूरच्या रस्त्यांवर शुकशुकाट असतो, कारण माणसं सगळी रानात. ज्वारी-हरभऱ्याच्या शिवारात कडब्याची कोप उभी करतात, आत पांडव म्हणून पाच दगड मांडून पूजा होते आणि मग जेवण: भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाची पोळी आणि मडक्यातलं गार, आंबूस आंबिल. ज्याला रान नाही त्याला कुणीतरी आपल्या रानात बोलावतं. बांधावरून जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक जाते. पोरांना झाडाला बांधलेला झोका. इतकी स्वस्त, इतकी मोठी आणि इतकी देवाची सहल महाराष्ट्रात दुसरी नसेल.

मात्र भज्जी आपोआप शिजत नाही. वाल, तूर, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे सोलून, पालेभाज्या निवडून, आंबिल आधीच लावून, घरातल्या बायका आदल्या रात्रीपासून चुलीपाशी असतात. पहाटेच्या अंधारात उंडे वळले जातात तेव्हा ज्यांच्यासाठी लीला मांडायची ती सगळी मंडळी पांघरुणात असते. विष्णुपदावरच्या दशम्यांचंही तेच. सतरंजीवर सगळ्यांत शेवटी टेकणारी आणि सगळ्यांत आधी डबे आवरायला उठणारी बाई बहुधा एकच असते. तिच्यासाठी तो दिवस सहल होता का?

विष्णुपदाहून लोक सहसा पुढे गोपाळपूरला जातात. आषाढी वारीचा शेवटचा काला होतो तो इथेच, आषाढी पौर्णिमेला. त्यानंतरच पालख्या परतीची वाट धरतात. एरवी टेकाडावरचं हे गोपाळकृष्णाचं देऊळ निवांत असतं. तिथे जनाबाईचा संसार म्हणून काही वस्तू दाखवतात आणि त्यात तिचं जातं आहे. नामदेवांच्या घरी राबणाऱ्या जनाबाईला दळू लागायला विठोबा यायचा, ही गोष्ट ऐकवत ऐकवतच मुलांना तिथे नेतात. विष्णुपदावर त्याच्या जेवणाची वाटी, इथे त्याने धरलेला खुंटा, मध्ये काही मिनिटांची वाट. दर्शनाचा क्रम ठरवणाऱ्यांनी हे मुद्दाम जुळवलं नसेल, पण जेवण आणि दळण एकाच दिवसात बघून होतं खरं.

पोरांना जातं म्हणजे खेळणंच. बऱ्याच जणांनी ते पहिल्यांदाच पाहिलेलं असतं. घरी पीठ पिशवीतून येतं. एकट्याच्या हाताला ते जड जाईल हे बघूनच कळतं, म्हणून धाकटा कुणाला तरी समोर बसायला बोलावतो. आजी गुडघे धरत हळूच खाली टेकते आणि जोडीने दळताना कोण कुठे बसतं, खुंटा कसा धरतात, ते हवेतच हात फिरवून दाखवते. पोरगा तिच्यासमोर मांडी घालून बसतो आणि विचारतो, ‘देव कुठल्या बाजूला बसायचा?’